'कुळाचा रोग' आणि जनुकांचे विज्ञान

(सोलापूर येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेले भाषण)



कुष्ठरोगाच्या प्रचारकार्यात महाराष्ट्रातील कार्यकर्त्यांच्या दोन-तीन पिढ्यांनी एकच वाक्य वस्तीवस्तीत सांगितले. कुष्ठरोग हे पापाचे फळ नाही, तो आनुवंशिक नाही, तो जंतूमुळे होतो आणि औषधाने बरा होतो. आजचा विषय या वाक्यातील मधल्या शब्दाचा आहे. गेल्या पन्नास वर्षांत माणसाच्या जनुकांविषयी जे संशोधन झाले त्यातून असे दिसून आले आहे, की कुष्ठजंतू कोणाच्या शरीरात रुजावा आणि कोणाच्या शरीरात रुजू नये, यात आई-वडिलांकडून आलेल्या जनुकांचा वाटा लहान नाही. 'कुष्ठरोगाचे जनुक सापडले' अशा मथळ्याची बातमी अधूनमधून वर्तमानपत्रात येते. ती वाचून विडी कामगारांच्या वस्तीतील एखादी सासू कार्यकर्त्याला विचारते, "मग आमची म्हातारी माणसं सांगत होती तेच खरं ना?" त्या बाईला काय सांगावयाचे, हा आजचा प्रश्न आहे. विज्ञान अडचणीचे ठरते म्हणून ते दडवून ठेवण्याची सवय आपल्या चळवळीला परवडणारी नाही. आणि अर्धेच समजून घेऊन ते पुढे करणे तर त्याहून घातक आहे, कारण या एका शब्दावर मुलींचे संसार मोडत आले आहेत.

'कुळाचा रोग' ही कल्पना आपल्याकडे जुनी आहे. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात विवाहासाठी वर्ज्य कुळांची जी यादी आहे, तिच्यात क्षय, अपस्मार आणि श्वित्र यांच्याबरोबर कुष्ठ असलेली कुळेही घातली आहेत. म्हणजे रोग एकाला आणि शिक्षा साऱ्या कुळाला, त्यातही त्या कुळातील लग्नाच्या मुलामुलींना. परंतु हे केवळ आपल्याच परंपरेचे वैगुण्य नव्हे. युरोपात नॉर्वे हा देश एकोणिसाव्या शतकात या रोगाने ग्रासलेला होता, आणि तेथील डॅनियलसेन आणि बोक या दोन थोर वैद्यांनी १८४७ साली आपल्या ग्रंथात हा रोग आनुवंशिक असल्याचेच मत मांडले होते. डॅनियलसेन यांनी रुग्णांच्या गाठींतील द्रव्य स्वतःच्या अंगात टोचून घेतले, सहकाऱ्यांना टोचले, आणि कोणालाही रोग झाला नाही. रोग स्पर्शाने जात नाही हे त्यामुळे सिद्ध झाले, अशी त्यांची समजूत पक्की झाली. पुढे १८७३ साली त्यांच्याच जावयाने, गेरहार्ड आर्मोअर हान्सेन यांनी, रुग्णाच्या गाठीत कुष्ठजंतू पाहिला आणि सासऱ्याच्या सिद्धांताखालचा आधार काढून घेतला.

डॅनियलसेन यांच्या प्रयोगाला शोभेल अशी एक हकीकत महाराष्ट्रातही आहे. बाबा आमटे कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये कुष्ठरोगाचा अभ्यासक्रम करावयास गेले होते. त्या वेळी त्यांनी प्रयोगासाठी आपले शरीर देऊ केले आणि जंतू टोचून घेतले, असे त्यांच्याविषयीच्या लेखनात सांगितलेले आढळते. जंतू रुजले नाहीत. बाबांच्या धैर्याविषयी बोलावे तेवढे थोडे. पण जंतू न रुजण्याचे श्रेय त्या धैर्याला देता येत नाही. जगातील सुमारे ९५ टक्के माणसांच्या शरीरात हा जंतू शिरला तरी रोग होत नाही, असे आज मानले जाते, आणि डॅनियलसेन काय, बाबा काय, त्या मोठ्या संख्येत मोडत होते. हे नीट ध्यानात घेतले तर उरलेल्या थोड्यांकडे पाहण्याची दृष्टीही बदलते. ज्याला रोग झाला नाही त्याचे ते पुण्य नाही, तसे ज्याला झाला त्याचे ते पापही नाही.

पण मग हे थोडे कोण? एकाच घरात, एकाच चुलीवर जेवणाऱ्या पाच भावंडांपैकी एकालाच चट्टा का उठतो? जंतूच्या जाती निरनिराळ्या असतील, काही सौम्य आणि काही जहाल असतील, हे उत्तर एकेकाळी संभवनीय वाटत होते. २००१ साली कुष्ठजंतूचा संपूर्ण जनुकसंच वाचण्यात आला; त्यासाठी वापरलेला जंतू तामिळनाडूतील एका रुग्णापासून मिळविलेला होता. त्यात असे दिसले, की या जंतूने आपली निम्म्याहून अधिक सामग्री टाकून दिली आहे. त्याची सुमारे १,६०० जनुके काम करतात आणि अकराशेच्या वर जनुके मोडून निकामी झाली आहेत. तो प्रयोगशाळेच्या बशीत वाढत नाही, आणि शरीरात त्याला दुप्पट होण्यास जवळजवळ दोन आठवडे लागतात. पुढे २००५ साली निरनिराळ्या खंडांतील जंतूंची तुलना झाली, तेव्हा त्यांच्यातील फरक अत्यल्प निघाला. सोलापुरातील जंतू आणि ब्राझीलमधील जंतू जवळजवळ एकच. एवढा दुबळा आणि एवढा एकसारखा जंतू एका माणसाच्या अंगावर एखादाच फिकट चट्टा उठवितो, दुसऱ्याच्या सर्वांगावर गाठी आणतो आणि तिसऱ्याला काहीच करीत नाही. तेव्हा या फरकाचे कारण मुख्यतः जंतूबाहेर, म्हणजे माणसात आणि माणसाच्या परिस्थितीत शोधावे लागते.

या शोधाला भारतातूनच मोठी चालना मिळाली. चक्रवर्ती आणि फोगेल या संशोधकांनी पश्चिम बंगाल आणि आंध्र प्रदेश येथील जुळ्या भावंडांचा अभ्यास १९७३ साली प्रसिद्ध केला. निदान एकाला कुष्ठरोग झालेल्या १०२ जोड्या त्यांनी तपासल्या. एकाच बीजापासून झालेल्या, म्हणजे तंतोतंत समान जनुके असलेल्या ६२ जोड्यांपैकी सुमारे ६० टक्के जोड्यांत दोघांनाही रोग होता. दोन बीजांपासून झालेल्या ४० जोड्यांत हे प्रमाण २० टक्के होते. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला येथे नमुना निवडीची शंका येईल, आणि ती रास्त आहे, कारण दोघेही आजारी असलेली जोडी तपासणाऱ्याच्या नजरेस अधिक सहज पडते. तरीही दोन आकड्यांतील अंतर एवढे मोठे आहे की जनुकांचा हात नाकारता येत नाही. मात्र याच आकड्यांची दुसरी बाजू वस्तीत सांगण्याजोगी आहे. समान जनुके, समान आई, बहुधा समान अंथरूण, आणि तरीही दर दहा जोड्यांपैकी चारांत दुसऱ्या भावंडाला रोग झाला नाही. जनुक हे विधिलिखित असते तर असे घडते ना.

त्यानंतरचे संशोधन जनुकांच्या नावागावापर्यंत पोचले. आपल्या पेशींच्या पृष्ठभागावर एचएलए नावाचे रेणू असतात. पेशीत शिरलेल्या जंतूचा तुकडा बाहेर धरून तो रक्तातील रक्षक पेशींना दाखवावयाचा, हे त्यांचे काम. हे रेणू घडविणाऱ्या जनुकांचे असंख्य प्रकार माणसांत आहेत, आणि कोणता प्रकार वाट्याला आला यावर रक्षक पेशी जंतूला किती जोमाने उत्तर देतात हे काही अंशी ठरते. उत्तर जोरकस असेल तर रोग एक-दोन चट्ट्यांवर थांबतो, मात्र त्या लढाईत मज्जातंतू भाजून निघतात. उत्तर मुळीच नसेल तर जंतूंची संख्या बेसुमार वाढते. २००१ साली दक्षिण भारतातील कुटुंबांच्या अभ्यासात दहाव्या गुणसूत्रावरील एका भागाचा रोगप्रवणतेशी संबंध आढळला. २००४ साली व्हिएतनाम आणि ब्राझील येथील रुग्णांच्या अभ्यासात पार्क-२ हे जनुक पुढे आले. याच जनुकातील बिघाड तरुण वयातील कंपवाताशी निगडित असल्याचे आधीच माहीत होते. २००९ साली चीनमधील मोठ्या अभ्यासात नॉड-२ आणि त्याच्याशी संबंधित आणखी काही जनुके सापडली; नॉड-२ चा संबंध आतड्याच्या एका जुनाट दाहाशीही आहे. २०१० साली दिल्ली आणि कलकत्ता येथील रुग्णांच्या अभ्यासात पुन्हा एचएलए आणि त्याबरोबर टीएलआर-१ हे जनुक आढळले.

ही नावे पाठ करण्याची कोणालाही गरज नाही. त्यांतून निघणारा अर्थ मात्र सोडून चालणार नाही. 'कुष्ठरोगाचे जनुक' असे काही अस्तित्वातच नाही. जी आहेत ती सर्व माणसांच्या ठायी असलेली, प्रतिकाराच्या आणि पेशींच्या नित्य कामांची जनुके आहेत. त्यांचे काही प्रकार या एका जंतूपुढे थोडे कमी पडतात, आणि तेच प्रकार कदाचित दुसऱ्या एखाद्या रोगापुढे उपयोगीही पडत असतील. प्रत्येकाचा वाटा थोडा आहे. आई-बापांना रोग असला म्हणजे मुलाला तो जन्मतः येतो, हे म्हणणे पूर्वी जितके खोटे होते तितकेच आजही खोटे आहे. मुलाला रोग मिळत नाही. जंतूला उत्तर देण्याची कमी-अधिक शक्ती मिळते, आणि जंतू कधी भेटलाच नाही तर त्या कमीअधिकपणाचा हिशेब कधी निघतही नाही.

याचा सर्वांत बोलका पुरावा जेथे हा वाद सुरू झाला त्या उत्तर युरोपातच आहे. डेन्मार्कमधील ओडेन्स येथे मध्ययुगीन कुष्ठरुग्णांचे दफनस्थान आहे. तेथील सांगाड्यांतील जनुकांचा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा एचएलएचा एक विशिष्ट प्रकार त्या रुग्णांत अधिक असल्याचे आढळले. त्याच गटातील प्रकार भारतीय रुग्णांच्या अभ्यासांतही पुढे आला होता. तो प्रकार उत्तर युरोपातील लोकांत आजही विपुल आहे. जनुक तेथेच राहिले. रोग मात्र गेला. नॉर्वेत १८५६ साली रुग्णांची राष्ट्रीय नोंदवही सुरू झाली तेव्हा सुमारे तीन हजार रुग्ण होते. गुणकारी औषध निघण्यापूर्वीच, विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत, ही संख्या अगदी थोड्यांवर आली होती. हान्सेन यांनी याचे श्रेय रुग्णांच्या विलगीकरणाला दिले. नंतरच्या अभ्यासकांनी घर, अन्न आणि एकूण राहणीमान यांत झालेल्या सुधारणेकडे बोट दाखविले. पण हान्सेन यांनीच १८८८ साली अमेरिकेत जाऊन केलेली पाहणी या दुसऱ्या मताला पोषक ठरते. नॉर्वेहून अमेरिकेत गेलेल्या कुष्ठरुग्णांच्या मुलाबाळांचा त्यांनी शोध घेतला आणि त्यांच्यात त्यांना रोग आढळला नाही. रक्त तेच होते, कुळ तेच होते. थंडीच्या दिवसांत माणसे एकमेकांना चिकटून झोपत ती कोंदट घरे मात्र मागे राहिली होती.

आपल्याकडील राज्यकर्त्यांनी याच सुमारास काय केले, हेही पाहण्यासारखे आहे. १८९०-९१ साली भारतात एक कुष्ठरोग आयोग फिरला. रोग वंशपरंपरेने येतो याला आयोगाला आधार सापडला नाही, आणि संसर्गाचा धोकाही त्याने फार मोठा मानला नाही. तरीही १८९८ साली लेपर्स ॲक्ट झाला. त्या कायद्याने आश्रमात डांबण्यासाठी जो रुग्ण ठरविला तो 'पॉपर लेपर', म्हणजे उघड भीक मागणारा किंवा उपजीविकेचे दृश्य साधन नसलेला. ज्याच्याजवळ वाडा आणि उत्पन्न होते त्याला या कलमाचा त्रास नव्हता. जंतू गरीब-श्रीमंत पाहत नसेल, कायदा पाहत होता. शिवाय अधिसूचना निघालेल्या भागात रुग्णाने खाद्यपदार्थ विकू नयेत, सार्वजनिक विहिरीवर आंघोळ करू नये, भाड्याच्या गाडीत बसू नये, असे निर्बंधही त्यात होते. हा केंद्रीय कायदा २०१६ साली रद्द झाला. बहुविध औषधोपचाराने रोग हमखास बरा होऊ लागला तो १९८० च्या दशकात. पण विवाहविषयक कायद्यांतून घटस्फोटाचे कारण म्हणून कुष्ठरोग वगळला गेला तो २०१९ साली. मधल्या साडेतीन दशकांत बऱ्या झालेल्या किती स्त्रियांना या कलमाने घराबाहेर काढले, याची मोजदाद कोणी ठेवलेली नाही.

आता गरिबीचे. 'रोग जनुकांत आहे' असे एकदा म्हटले की सरकारला हात झटकणे सोपे जाते, ही भीती अनाठायी नाही. म्हणूनच पुढील दोन अभ्यास शेजारी शेजारी ठेवून वाचावेत. वायव्य बांगलादेशात रुग्णांच्या हजारो संपर्कितांची पाहणी झाली. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांत रुग्णापासूनचे राहण्याचे अंतर आणि रुग्णाशी असलेले रक्ताचे नाते, हे दोन्ही धोक्याचे स्वतंत्र घटक ठरले. म्हणजे दोन माणसे रुग्णाच्या सारख्याच जवळ राहत असली तरी रक्ताच्या नातलगाला धोका अधिक. त्याच प्रदेशात २०११ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात असे आढळले की नजीकच्या काळात ज्या घरात अन्नाचा तुटवडा पडला होता तेथे रोगाची शक्यता अधिक होती. ब्राझीलमध्येही कमी उत्पन्न, अपुरे शिक्षण आणि रोग यांची सांगड मोठ्या लोकसंख्येवरील अभ्यासांत दिसली आहे, आणि गरीब कुटुंबांना थेट पैसे देण्याच्या तेथील योजनेचा संबंध नव्या रुग्णांच्या घटत्या संख्येशी आढळला आहे. जनुक कोणाला कमी मिळाले ते बदलता येत नाही. परंतु जंतू किती जवळून, किती काळ आणि किती उपाशी शरीराला भेटावा, हे ठरविणे सर्वस्वी समाजाच्या हाती आहे.

सोलापूरला हे वेगळे समजावून देण्याची गरज नसावी. गिरण्या बंद पडत गेल्या तसतसा या शहरातील किती संसारांचा भार विड्या वळणाऱ्या बायकांच्या बोटांवर आला, हे येथील प्रत्येक जण जाणतो. कारखान्यातून पाने आणि तंबाखू घरी आणावयाची, एकाच खोलीत मुले, म्हातारी माणसे आणि सुपे मांडावयाची, वळलेल्या विड्या कारखान्यात नेऊन द्यावयाच्या. मजुरी हजारावर. हाताला बधिरता आली की वेग जातो, आणि वेग गेला की मजुरी जाते. म्हणून चट्टा लपविला जातो, आणि जोवर उपचार नाहीत तोवर जंतू त्याच खोलीत श्वासावाटे फिरत राहतो. या दृष्टीने कुंभारी येथील गोदूताई परुळेकर वसाहतीची दहा हजार घरे, जी २००६ साली विडी कामगार स्त्रियांना मिळाली, आणि २०२४ च्या जानेवारीत ज्यांतील पहिली पंधरा हजार घरे दिली गेली ती रे नगरची योजना, यांच्याकडे केवळ निवाऱ्याचा प्रश्न म्हणून पाहू नये. तो लढा लाल बावट्याच्या साथींनी वर्षानुवर्षे चिकाटीने लढविला, आणि आपल्या लोकांनी ते मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. वेगळी खोली आणि खिडकी यांनी जे साधते ते कोणत्याही जनुकतपासणीने साधणार नाही.

तरीही जनुकांच्या ज्ञानाचा उपयोग आहे, आणि तो मागून घेतला पाहिजे. औषधाचेच पाहा. उपचारातील तीन औषधांपैकी डॅप्सोन काही थोड्या रुग्णांना बाधते. ताप, पुरळ, यकृताला सूज, आणि अशा रुग्णांपैकी दहात एकाचा मृत्यूही ओढवतो. ही बाधा एचएलएच्या एका विशिष्ट प्रकाराशी निगडित असल्याचे चिनी संशोधकांनी २०१३ साली दाखविले. तो प्रकार भारतीयांच्या निरनिराळ्या गटांत १ ते १२ टक्के लोकांत असतो. रक्ताच्या चाचणीने तो आधी कळतो, आणि औषध बदलून देता येते. सरकारी रुग्णालयात ही चाचणी गरिबाला मोफत मिळावी, ही मागणी आपल्या ठरावांत अद्याप आलेली नाही.

दुसरा उपयोग तपासणीचा, आणि येथेच कार्यकर्त्याची खरी कसोटी आहे. २०२३ साली जगात १ लाख ८० हजारांहून अधिक नवे रुग्ण नोंदले गेले, त्यांतील निम्म्याहून अधिक भारतातील. २००५ च्या अखेरीस रोगाचे 'निर्मूलन' जाहीर होऊनही हे घडते आहे. रुग्णाच्या संपर्कितांना रिफॅम्पिसिनची एक मात्रा देण्याची पद्धत आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमात २०१८ पासून आली. बांगलादेशातील प्रयोगात या एका मात्रेने दोन वर्षांत नव्या रुग्णांची संख्या ५७ टक्क्यांनी घटली खरी. पण हे संरक्षण शेजाऱ्यापाजाऱ्यांत अधिक आणि रुग्णाच्या निकटच्या रक्तसंबंधीयांत कमी मिळाले. ज्यांना धोका अधिक त्यांनाच एक मात्रा अपुरी पडते. तेव्हा त्या नातलगांना गोळी देऊन विसरून जाता येत नाही. रोग उमटावयास सरासरी पाच वर्षे, कधी वीस वर्षेही लागतात. तेवढा काळ त्यांची पुनःपुन्हा तपासणी झाली पाहिजे.

आणि हे नातलग कोण? एका छपराखाली राहणारेच नव्हेत. त्यांत अक्कलकोटला किंवा तेलंगणात दिलेली लेक आहे, पुण्यात बांधकामावर गेलेला भाऊ आहे. सध्याची तपासणी घर आणि शेजार यांपुरती होते. सासरी गेलेली मुलगी तिच्यातून सुटते. पण तिच्या दारात आरोग्य खात्याची माणसे "तुमच्या माहेरी रोग आहे" म्हणत उभी राहिली, तर मनूच्या यादीचे काम नव्या विज्ञानाच्या हाताने पुरे होईल. म्हणून तिला गाठावयाचे ते तिच्या नावाने नव्हे. विडी कारखान्यात, बचत गटात, शाळेत, सर्वांचीच त्वचा तपासली जावी; गजकर्ण, खरूज, कोड, कुष्ठ, सर्वांसाठी एकच शिबिर, एकच रांग आणि तपासणारी स्त्री डॉक्टर. रोग निघाला तर तो त्या बाईलाच कळावा. मुकादमाला नाही, सासूला नाही. माहेरच्या रुग्णाची माहिती तिला द्यावयाची असेल तर ती त्या रुग्णाच्या संमतीने आणि तिच्या आईने किंवा बहिणीने द्यावी, कार्यकर्त्याने नव्हे. उपचाराचे सहा महिने किंवा एक वर्ष ती विड्या वळत राहू शकते, आणि गोळ्या सुरू होताच काही दिवसांत तिच्यापासून इतरांना संसर्गाचा धोका राहत नाही, हे कारखान्याच्या मालकाला लेखी कळविण्याचे काम युनियनचे आहे.